मार्चिंग प्रॅक्टिस पॅड आणि सत्तरच्या दशकातला प्रोग रॉक: काही महिने वापरल्यानंतर

आधी निकाल सांगतो, कारणं नंतर. पॅड (ड्रमऐवजी सरावासाठी वापरायची रबरी चकती) चांगला आहे, घ्यायला हरकत नाही. पण मी तो ज्या कामासाठी घेतला, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉकमधलं (थोडक्यात प्रोग) लष्करी थाटाचं स्नेअर (खाली तारा ताणलेला ड्रम) हातात बसवायला, त्या कामी त्याची जाहिरातीतली 'मिलिटरी' बाजू फारशी येत नाही. मागची बाजू येते. तीही नुसती नाही, वर घडी घातलेला पंचा टाकून.

वस्तू अशी: 12 इंची गोल पॅड, आत एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) चकती. एका बाजूला पातळ कडक रबर आणि त्यावर गुळगुळीत प्लास्टिकचा थर. ही मार्चिंग बाजू. दुसरीकडे फिकट तपकिरी रंगाचं, जरा जाड गम रबर. सोबत मार्चिंगच्या स्टिक्स घेतल्या, सुमारे 17 इंच लांब आणि जाडीला पाऊण इंचाला टेकलेल्या. ज्यांना फाइव्ह-एची, म्हणजे ड्रमसेटच्या नेहमीच्या बारीक स्टिक्सची, सवय आहे त्यांना त्या पहिल्यांदा हातात घेतल्यावर लाटणं धरल्यासारखं वाटेल. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या प्रकारचे पॅड बरेच जण बनवतात आणि खाली जे लिहितोय ते बहुतेकांना लागू आहे.

मला काय वाजवायचं होतं? जेनेसिस या बँडच्या 1973 च्या 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड' या अल्बममधलं 'द बॅटल ऑफ एपिंग फॉरेस्ट' ऐकलंय का? सुरुवातीला लांबून एखादी पलटण चालत यावी तसं फिल कॉलिन्सचं स्नेअर आणि त्यावर बासरी हळूहळू जवळ येते. मग कळतं की लढाई सैन्याची नाहीच, लंडनच्या ईस्ट एंडमधल्या दोन टोळ्यांची आहे. तो मार्च, मग इमर्सन, लेक अँड पामरच्या 'ट्रिलॉजी'मधला (1972) 'अबॅडन्स बोलेरो', आणि किंग क्रिम्सनचा 'द डेव्हिल्स ट्रँगल' (1970). एवढी तीन जमली की बस, असं ठरवलं होतं.

पहिले काही आठवडे कडक बाजूवर नुसती चैन होती. माझा हात ताशावर तयार झालाय. तिथे पान, म्हणजे वाजवायचा पडदा, ताणून टणक केलेलं आणि काड्या बारीक, त्यामुळे हाताने एक ठोका द्यायचा, पुढचा उसळीतून आपोआप येतो. या बाजूवर हुबेहूब तेच. डबल स्ट्रोक रोल (आलटून पालटून प्रत्येक हाताचे दोन-दोन ठोके) असा सुटायचा की स्वतःचाच हेवा वाटावा. पाच ठोक्यांचा रोल, सात ठोक्यांचा रोल, फ्लॅम, पॅराडिडल असे सरावाचे ठरलेले पाठ, सगळं स्वच्छ, कडकडीत. मेट्रोनोम (लय धरून देणारं यंत्र) मिनिटाला 120 ठोक्यांवर, म्हणजे ब्रिटिश पलटणीच्या नेहमीच्या चालीच्या आसपास ठेवायचा आणि वाजवत सुटायचं.

मग सरांच्या स्टुडिओतल्या साध्या 14 इंची स्नेअरवर तेच वाजवलं आणि रोलची पार खिचडी झाली. दुसरा ठोका येईचना. सर म्हणाले, "अहो, तो ठोका तुमचा नव्हताच, पॅडचा होता."

इथेच सगळी मेख आहे. आजच्या अमेरिकन ड्रम कोअरचे (कवायत करत वाजवणाऱ्या पथकांचे) स्नेअर केवलार या अतिशय मजबूत धाग्याच्या पानाचे असतात. ही पानं 1980 च्या दशकात आली. ती इतकी ताणतात की वाजवणं जवळपास टेबलटॉपवर वाजवल्यासारखं होतं. मार्चिंग पॅडची कडक बाजू नक्कल करते ती या ड्रमची. पण कॉलिन्स, पामर आणि किंग क्रिम्सनचा ड्रमर मायकल जाइल्स यांचं हे काम 1970 ते 1973 मधलं, ड्रमसेटमधल्या नेहमीच्या स्नेअरवर आणि प्लास्टिकच्या पानावर केलेलं. त्याआधीच्या खऱ्या पलटणी ड्रमवर तर कातडं असायचं. तिथे उसळी फुकट मिळत नाही, दुसरा ठोका मनगटाने आणि बोटांनी मागून घ्यावा लागतो. म्हणजे 'मिलिटरी' म्हणून विकली जाणारी बाजू तुम्हाला अशा ड्रमसाठी तयार करते, जो या रेकॉर्ड्स निघाल्या तेव्हा अस्तित्वातच नव्हता.

गम रबरची बाजू त्या मानाने प्रामाणिक. पण तिलाही उसळी थोडी जास्तच आहे. म्हणून पंचा. सुती पंच्याची चार पदरी घडी पॅडवर टाका आणि तोच सात ठोक्यांचा रोल अगदी सावकाश वाजवा. दहा मिनिटांत कळेल कुठलं बोट झोपलंय. माझं डाव्या हाताचं मधलं बोट नुसतं पाहुण्यासारखं स्टिकवर बसलेलं होतं. या जाड स्टिक्स खऱ्या कामाला येतात त्या इथे. पंच्यावर त्या जड स्टिक्सने संथ वाजवायचं आणि मग ड्रमवर फाइव्ह-ए धरायची. कडक बाजूवर मात्र त्या जड स्टिक्स तुमची लाडावलेली सवय आणखी बिघडवतात.

आता 'अबॅडन्स बोलेरो'. आठ मिनिटांचा तुकडा. फ्रेंच संगीतकार राव्हेलचा मूळ 'बोलेरो' 1928 चा, तीन मात्रांचा. त्यातला स्नेअरचा आकृतिबंध दोन आवर्तनांचा, मोजून 24 ठोक्यांचा, आणि तो संपूर्ण रचनाभर तसाच फिरत राहतो. पामरचा चार मात्रांचा आहे. म्हणजे नाव स्पेनचं, चाल पलटणीची. सिंथेसायझरचे थर एकावर एक चढत जातात आणि स्नेअर खाली तेच तेच सांगत राहतं, फक्त दर वेळी किंचित मोठ्याने. वाजवणारा मरतो तो या 'किंचित'मध्ये. दुसऱ्याच मिनिटाला आवाज वर गेला की उरलेली सहा मिनिटं जाणार कुठे?

पॅड इथे साफ हात वर करतो. पॅडवर हळू आणि जोरात यांतला फरक कानाला फार थोडा कळतो, स्नेअरच्या तारांची सळसळ तर नाहीच. ड्रमवर सुरुवात कडेजवळून करतात, स्टिकचं टोक पानापासून दोन बोटांवर उचलायचं नाही, आणि मग आवाज वाढवायचा तसं मधोमध सरकायचं. पॅडवर कड आणि मध्य सारखेच वाजतात. मी यावर उपाय काढला तो नजरेचा. भिंतीवर पॅडच्या मागे कागद चिकटवून त्यावर आडव्या रेघा मारल्या आणि स्टिकचं टोक दर मिनिटाला एकच रेघ वर जाऊ दिलं. बारा-पंधरा वेळा अर्ध्यावर सोडून द्यावंसं वाटेल, पण याहून चांगला मार्ग मला तरी सापडलेला नाही.

आणि बझ रोल, ज्याला दाबलेला रोल म्हणतात, तो पॅडवर शिकायच्या भानगडीतच पडू नका. तारांशिवाय तो नुसता फडफडाट ऐकू येतो आणि आपण विनाकारण स्टिक जास्त दाबायला लागतो.

'द डेव्हिल्स ट्रँगल'साठी मात्र हाच पॅड फार उपयोगी पडला, पण त्याचं श्रेय पॅडला कमी आणि पायांना जास्त. किंग क्रिम्सन 1969 मध्ये संगीतकार होल्स्टच्या 'द प्लॅनेट्स'मधलं 'मार्स' (मंगळ, युद्धाची देवता) मंचावर वाजवायचे, हा तुकडा त्यातूनच निघालेला. होल्स्टने युद्धाच्या देवतेला पाच मात्रा दिल्या. हा लष्करी चालीचा आवाज आहे, पण त्यावर कवायत होऊ शकत नाही, कारण माणसाला पाय दोन. उभं राहून जागच्या जागी डावा-उजवा करत पाच मात्रा वाजवून बघा: पहिली सम डाव्या पायावर येते, दुसरी उजव्यावर, तिसरी परत डाव्यावर. डोकं गरगरतं. पण एकदा का पाय आपले चालत राहिले आणि हात आपल्या समेवर यायला लागले, की कळतं ही मंडळी काय मजा करत होती. 'एपिंग फॉरेस्ट'ही तेच करतं: सुरुवातीला शिस्तीत येणारी पलटण, आणि गाणं सुरू झालं की सात मात्रांत तिची पांगापांग. प्रोगमधला मार्च ऐकायला कडक, पण त्यावर प्रत्यक्ष चालू गेलं की पाय अडखळतो. मला तर वाटतं, यांतला विनोदही तोच आहे आणि टीकाही.

थोडं विषयांतर. ब्रिटनमध्ये सक्तीची लष्करी सेवा होती, पण शेवटची भरती 1960 मध्ये झाली. पामर 1950 चा, कॉलिन्स 1951 चा, म्हणजे भरती थांबली तेव्हा दोघंही शाळकरी पोरं. यांनी पलटणीचा ड्रम ऐकला तो बाहेर उभं राहून. उलट अमेरिकेत बिली कोबम आणि स्टीव्ह गॅड हे ड्रमर दोघेही ड्रम कोअरमध्ये वाढलेले आणि पुढे लष्कराच्या बँडमध्ये नोकरी केलेले. आणि त्यांनी काय केलं? कोबमने ती सगळी ताकद महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडमध्ये ओतली. गॅडने 1975 मध्ये पॉल सायमनच्या 'फिफ्टी वेज टू लीव्ह युअर लव्हर'मध्ये मार्चचा ठेका इतका मऊ केला की कित्येकांना तो मार्च आहे हे कळतही नाही. ज्यांनी गणवेश घातला त्यांच्या वाजवण्यात गणवेश दिसत नाही, न घातलेल्यांच्या वाजवण्यात मात्र बिल्ल्यांसकट दिसतो. म्हणून माझा सल्ला: पॅडवर फक्त प्रोगच नको, हे गॅडचंही बसवा. हाय-हॅटसाठी (पायाने मिटणारी झांजांची जोडी) पाय नुसता जमिनीवर टेकवला तरी चालतं.

एक गोष्ट कुठल्याच पॅडवर होणार नाही. पिंक फ्लॉइडच्या 'द वॉल'मधलं (1979) 'ब्रिंग द बॉइज बॅक होम'. त्यासाठी न्यूयॉर्कच्या डझनावारी स्नेअर-वादकांना बोलावलं होतं. हे गाणं लिहिणाऱ्या रॉजर वॉटर्सचे वडील 1944 मध्ये इटलीत अँझिओला मारले गेले, हे माहीत असेल तर तो आवाज अंगावर येतो. इतके हात एकत्र पडतात तेव्हा ठोका एका रेषेत येत नाही, त्याला रुंदी येते. एकट्याने कितीही घासलं तरी ती रुंदी येत नाही. पथकात ज्यांनी वाजवलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता तक्रारी. पावसाळ्यात एमडीएफची कड एका बाजूने फुगली आणि पॅड सपाट टेबलावर डुगडुगायला लागला. खाली जुना योगा मॅट कापून लावल्यावर थांबला. नवीन असताना रबराचा वास इतका उग्र होता की तो आठवडाभर गॅलरीत ठेवावा लागला. गुळगुळीत थरावर स्टिकच्या टोकांचे करडे डाग पडतात, ते ओल्या फडक्याने निघतात, पण पूर्ण नाही.

आणि आवाज. 'शांत सराव' असं खोक्यावर छापलेलं असलं तरी कडक बाजूवर रात्री साडेनऊनंतर वाजवू नका. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात थांबवून विचारलं, "रोज रात्री काय रे कुटता तुम्ही?" ठोक्याचा आवाज हवेतून कमी आणि टेबलाच्या पायांतून जास्त जातो. पॅड टेबलाऐवजी स्नेअरच्या स्टँडवर आणि स्टँड जाड सतरंजीवर ठेवला, त्यानंतर विचारणा झालेली नाही.

पैशांचं म्हणाल तर एका बाजूचा साधा गम रबरचा पॅड बराच स्वस्त मिळतो आणि प्रोगसाठी तेवढा पुरे. दोन बाजूंचा घ्यावा तो ज्याला खरोखर मार्चिंग बँडमध्ये वाजवायचंय त्याने, किंवा ज्याला रोज सुरुवातीला पाच मिनिटं हात सैल करायला उसळी हवी आहे त्याने. मी त्या दुसऱ्या गटात आहे. पाच मिनिटं कडक बाजू, मग पॅड उलटा करून पंचा. सध्या 'अबॅडन्स बोलेरो' पाचव्या मिनिटापर्यंत कागदावरच्या रेघांच्या आत राहतो, सहाव्याला हात सुटतो.