उभ्याची मीटिंग की एकेकाशी भेट?
कारखान्यात शिफ्ट सुरू होताना सगळ्या टीमनं आकड्यांच्या बोर्डासमोर दहा मिनिटं, उभ्यानंच: कालचं उत्पादन, रिजेक्शन (नापास माल), आज कोण गैरहजर. अडचण तिथंच सोडवायला घेतली की दहाची चाळीस मिनिटं होतात आणि मशीन थांबून राहतं. अडचणीपुढे नाव आणि तारीख लिहा. संबंधित दोघं नंतर बोलतील.

पण ‘मला हे जमत नाहीये’ असं चारचौघांत कोण बोलणार? त्यासाठी पंधरवड्यातून अर्धा तास एकेकाशी, दार लावून. पहिली पंधरा मिनिटं समोरच्याची, त्याला बोलू द्या. बहुतेक मॅनेजर इथंही टार्गेटची शीट उघडतात, मग समोरचा ‘सगळं ठीक आहे, सर’ म्हणून उठतो. भेट पुढे ढकला, पण रद्द करू नका.

नवीन मॅनेजरनं आधी भेटी लावाव्यात. बोर्डासमोरची मीटिंग काय, सुपरवायझरही सांभाळतो.