55 आणि 55 एकच नव्हे: गाडीच्या बॅटरीत माझी झालेली फसवणूक

9 नोव्हेंबर 2024 रोजी, शनिवारी दुपारी, मी 6,200 रुपये मोजून माझ्या गाडीसाठी ‘नवी’ बॅटरी घेतली. ती नवी नव्हती आणि माझ्या गाडीच्या जातीचीही नव्हती, आणि विकणाऱ्याला या दोन्ही गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. मी 27 वर्षे बँकेत काढली आहेत. सही जुळल्याशिवाय धनादेश पुढे जाऊ दिला नाही आणि खातेदारांना फसवणुकीपासून सावध राहा असे रोज बजावले, त्यामुळे हे लिहिताना मला लाज वाटते. तरीही लिहिते आहे, कारण ते दुकान अजून चालू आहे.

दिवाळीत आम्ही रेल्वेने बंगळूरला मुलीकडे गेलो होतो आणि गाडी पुण्यात सोसायटीच्या तळघरात 18 दिवस उभी होती. परत आल्यावर सेल्फ लागेना. किल्ली फिरवली की नुसती कटकट व्हायची. कोपऱ्यावरच्या सेवा रस्त्यालगतच्या पत्र्याच्या दुकानातून एक मुलगा केबल घेऊन आला, त्याने दुसऱ्या बॅटरीवर गाडी सुरू करून दिली आणि ‘एकदा चेक करून घ्या’ म्हणून दुकानात न्यायला लावली. तिथे मालकाने माझ्या बॅटरीवर दोन टोकांचा लोड टेस्टर, म्हणजे बॅटरीवर भार टाकून ती तपासणारे यंत्र, दाबून धरला. काटा लाल पट्ट्यात घसरला, टेस्टरची तार तापून धूर निघाला आणि तो म्हणाला, “मॅडम, सेल गेलाय. रस्त्यात बंद पडाल.”

इतके दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी मेलेली असतेच असे नाही. बहुधा ती नुसती उतरलेली असते. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर गाडी बंद असताना साधारण 12.6 ते 12.7 व्होल्ट दिसतात, 12.2 च्या आसपास ती निम्मी उतरलेली असते. उतरलेल्या बॅटरीवर लोड टेस्ट घेतली तर चांगली बॅटरीही नापास होणार, म्हणून आधी पूर्ण चार्ज करायची, काही तास तशीच ठेवायची आणि मग तपासायची. तीही दहा सेकंदांच्या वर नाही. या माणसाने किती वेळ दाबून धरले ते मी मोजले नाही, पण दहा सेकंदांत संपण्यासारखे ते नव्हते. माझी मूळ बॅटरी साडेतीन वर्षांची होती आणि कदाचित एका रात्रीच्या चार्जिंगने पुन्हा उभी राहिली असती. ती ‘भंगार’ म्हणून त्याने 700 रुपयांत ठेवून घेतली. जुनी बॅटरी दुकानात सोडण्यापूर्वी ती चार्ज करून दुसरीकडे तपासून घ्या. एकदा त्यांच्या हाती गेली की पुरावाही गेला.

आता मुख्य गोष्ट. माझी गाडी सिग्नलला थांबली की इंजिन आपोआप बंद करते आणि क्लच दाबला की पुन्हा सुरू करते. शहरात एका फेरीत वीस-तीस वेळा असे होते. इंजिन बंद असताना दिवे, पंखा, रेडिओ हे सगळे बॅटरीवर चालते आणि नंतर लगेच स्टार्टरसाठी मोठा झटका लागतो. साध्या बॅटरीच्या पट्ट्यांवरचा शिशाचा लेप असे रोजचे उतरणे-चढणे सोसत नाही. तो सुटून खाली गळत जातो. म्हणून अशा गाड्यांना कंपनी ईएफबी किंवा एजीएम जातीची बॅटरी देते. ईएफबी म्हणजे सुधारलेली द्रव-आम्लाची बॅटरी आणि एजीएम म्हणजे जिच्यात आम्ल काचतंतूच्या चटईत शोषलेले असते ती. गाडी एजीएमवर आली असेल तर एजीएमच घालायची, खाली उतरायचे नाही. हे सगळे गाडीच्या पुस्तिकेत आणि जुन्या बॅटरीच्या लेबलावर लिहिलेले असते. माझ्या लेबलावर ‘एन-55’ आणि खाली ‘ईएफबी’ असे स्वच्छ छापलेले होते.

आणि मी ते वाचले होते. हेच मला सर्वांत जास्त टोचते.

त्याने फळीवरून काढलेल्या बॅटरीवर ‘55बी24एल’ असे होते. मी विचारले, “हे वेगळे दिसते आहे, आणि ईएफबी कुठेच लिहिलेले नाही.” तो हसलासुद्धा नाही, अगदी शांतपणे म्हणाला, “मॅडम, त्याच्यावर 55, याच्यावर पण 55. नावं कंपनी बदलते, माल तोच.” मग त्याने टेप लावून लांबी-रुंदी दाखवली, बॅटरी ट्रेमध्ये बसवली आणि ती एक सूतही न हलता बसली. मला पटले. ती बसणारच होती, कारण एन आणि बी24 यांचे माप एकच आहे. जपानी पद्धतीच्या या आकड्यांत ‘बी24’ हे खोक्याचे माप सांगते, ‘एल’ टर्मिनलची बाजू सांगते आणि 55 हा ताकदीचा दर्जा असतो. स्टार्ट-स्टॉपच्या, म्हणजे माझ्यासारख्या आपोआप बंद-सुरू होणाऱ्या गाड्यांच्या, बॅटऱ्यांसाठी वेगळी मालिका आहे, म्हणून तिथे एन-55, क्यू-85 असे लिहितात. साध्या मालिकेतले 55 आणि त्या मालिकेतले 55 यांचा एकमेकांशी संबंध नाही. खोके बसले म्हणजे बॅटरी बरोबर, असे समजू नका.

त्याच मिनिटाला दुसरी गोष्टही माझ्या डोळ्यांसमोर होती. नव्या बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर लाल-काळ्या प्लास्टिकच्या टोप्या असतात आणि खालचे शिसे अस्पर्श, गुळगुळीत असते. या बॅटरीला टोप्या नव्हत्या. शिसे पॉलिश पेपरने घासल्यासारखे चमकत होते आणि त्यावर गोल ओरखडे होते, जसे पूर्वी आवळलेल्या क्लॅम्पचे राहतात. बाजूच्या भिंतीवर जिथे तारखेचा ठसा असतो तिथे प्लास्टिक खरवडलेले होते. मी बोट फिरवले, खरखरीत लागले, आणि तरीही मी काही बोलले नाही. नोटेचा पोत बोटांनी ओळखणारी मी, बोटाला लागलेले मनापर्यंत पोचू दिले नाही. आई वर घरात एकटी होती आणि दुपारचे दोन वाजले होते. त्याने मल्टिमीटर लावून 12.7 व्होल्टही दाखवले, पण व्होल्टेज ताज्या चार्जिंगने येते, ताकद त्यातून कळत नाही. ताकद पाहायची तर कोल्ड क्रँकिंगचे अँपिअर, म्हणजे थंडीत गाडी सुरू करताना बॅटरी किती प्रवाह देऊ शकते तो आकडा, छापून देणारा डिजिटल टेस्टर लागतो. तो नसेल तर उठून निघा.

अधिकृत विक्रेत्याने फोनवर 8,450 रुपये सांगितले होते. याने 6,900 सांगून जुन्या बॅटरीचे 700 वजा केले. 2,250 रुपये वाचवावेसे वाटणे हा काही गुन्हा नाही, आणि मी स्वस्ताईला भुलले असे जे घरचे आता म्हणतात ते मला मान्य नाही. मी प्रश्न विचारला होता, मला खोटे उत्तर मिळाले. चूक झाली ती पुढे: यूपीआयवर दुकानाच्या ऐवजी एका व्यक्तीचे नाव आले आणि पक्क्या बिलाऐवजी मी गुलाबी कागदावरची कच्ची पावती घेतली. त्यावर ‘48 महिने गॅरंटी’ असे हाताने लिहिलेले होते. जीएसटी क्रमांकाचे छापील बिल आणि त्यावर बॅटरीचा अनुक्रमांक, एवढे मिळेपर्यंत पैसे देऊ नका.

तीन आठवड्यांत सिग्नलला इंजिन बंद होणे थांबले. बॅटरी कमी असली की गाडी ती सोय स्वतःच थांबवते, हे मला माहीत नव्हते. थंडीमुळे असेल असे वाटले. 2 मार्च 2025 रोजी रात्री साडेनऊला, खंबाटकी घाट ओलांडून वेळे गावाजवळ चहासाठी थांबलो आणि गाडी पुन्हा सुरूच झाली नाही. माझ्याबरोबर 74 वर्षांची आई होती, मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊन नऊ दिवस झालेली, डोळ्याला काळा चष्मा लावलेली. चहावाल्यांनी तिला आत बाकावर बसवून ‘आजी, घाबरू नका’ म्हणत पाणी दिले, ते मी विसरणार नाही. गाडी उचलून साताऱ्याला नेण्याचे 3,500 रुपये झाले, आईला घरी पोचवणाऱ्या टॅक्सीचे 1,400 आणि तिथल्या सर्व्हिस सेंटरच्या तपासणीचे 590. बॅटरीचे 6,200 धरून 11,690 रुपये गेले आणि वर खऱ्या ईएफबीचे 8,450 लागले. बॅटरी बनवणाऱ्या कंपनीला बॅटरीचा अनुक्रमांक कळवला तेव्हा उत्तर आले की तो 2021 साली दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या गेलेल्या बॅटरीचा आहे. म्हणजे भंगारातून उचललेली, धुऊन, आम्ल बदलून, चार्ज करून ठेवलेली बॅटरी मला नवी म्हणून विकली होती.

त्यानंतरचे चार महिने मला बॅटरीपेक्षा जास्त जड गेले. दुकानदाराने मला ओळखच दाखवली नाही. पोलीस ठाण्यात मी पाच वेळा गेले. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तावर होते, दुसऱ्यांदा ‘तुम्ही स्वतःहून पैसे दिलेत, हा दिवाणी मामला आहे’ असे सांगितले. तिसऱ्यांदा मी भारतीय न्याय संहितेचे कलम 318(4) लिहून नेले, कारण फसवून पैसे उकळणे हा दखलपात्र गुन्हा आहे, तर हवालदार म्हणाले, “सहा हजारांसाठी कशाला एवढं?” रक्कम लहान म्हणून गुन्हा लहान, असे कोणत्या कायद्यात लिहिले आहे? उरलेल्या दोन्ही खेपांना तासभर बाकावर बसवून परत पाठवले. शेवटी मी पोलीस उपायुक्तांना नोंदणीकृत डाकेने अर्ज पाठवला; पोचपावती आली, उत्तर नाही. वजन-मापे तपासणाऱ्या वैधमापन कार्यालयात म्हणाले की वस्तू सीलबंद वेष्टनात नव्हती, आमच्याकडे येत नाही, पोलिसांकडे जा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवली, तिथली मुलगी सौजन्याने बोलली, पण हेल्पलाइनला दंड करण्याचा अधिकारच नाही. दुकानदाराने उत्तर दिले नाही आणि माझी तक्रार ‘बंद’ असा संदेश आला. ज्या माणसाने मला फसवले त्याला एका कचेरीनेही साधा प्रश्न विचारला नाही. सगळे प्रश्न मलाच विचारले गेले, आणि त्यातला पहिला नेहमी हाच, की बिल का घेतले नाही?

या प्रश्नाचे उत्तर कायद्यातच आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 च्या कलम 2(47) नुसार जुनी किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून विकणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिल न देणे हीसुद्धा. बिल न देणे हा दुकानदाराचा दोष आहे, माझा नाही. मी आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, घर जिथे आहे त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे. यूपीआयची नोंद, पावती, कंपनीचा ईमेल आणि बॅटरीचे सर्व बाजूंनी काढलेले फोटो जोडले आहेत.

बॅटरी अजून माझ्या गच्चीत प्लास्टिकच्या टपात ठेवलेली आहे. भंगारवाला दोनदा मागून गेला, मी दिली नाही. तुम्ही पुण्यात सेवा रस्त्यावरच्या अशा दुकानातून बॅटरी घेतली असेल आणि तुमच्याकडे ‘48 महिने गॅरंटी’ असे हाताने लिहिलेली गुलाबी पावती असेल, तर बॅटरीच्या भिंतीवरचा तारखेचा ठसा आजच पाहा आणि तो खरवडलेला असेल तर ती बॅटरी कोणालाही देऊ नका.