सूक्ष्मगुरुत्वातील प्रयोग: अंतराळवीरांच्या हाती द्यावा की मानवविरहित मंचावर पाठवावा?

कोल्हापुरातील एखाद्या महाविद्यालयाला सूक्ष्मगुरुत्वातील, म्हणजे जवळजवळ वजनरहित अवस्थेतील, प्रयोग आखायचा असेल, तर तो मानवी मोहिमेसाठी आहे की मानवविरहित मंचासाठी, हे आरंभीच ठरवावे लागते, कारण प्रयोगाच्या पेटीची संपूर्ण रचना त्यावर अवलंबून असते.

मानवी मोहिमेचे सामर्थ्य आपल्या शेजारच्याच उदाहरणात दिसते. महामार्गाने काही तासांवर असलेल्या धारवाडच्या कृषी विद्यापीठाने आणि आयआयटीने आखलेला मूग व मेथीच्या अंकुरणाचा प्रयोग भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनी २०२५ च्या जून-जुलैमध्ये अ‍ॅक्सिअम-४ मोहिमेत आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर केला. अंकुर गोठवून परत आणता आल्यामुळे त्यांच्या जनुकांचा, पोषणमूल्यांचा आणि त्यांवरील सूक्ष्मजीवांचा अभ्यास जमिनीवरच्या प्रयोगशाळेत करण्याची वाट मोकळी झाली. मात्र माणसांच्या सान्निध्यामुळे ज्वलनशील वा विषारी पदार्थांवर कडक बंधने येतात, आणि अंतराळवीरांच्या व्यायामाने व पंपांनी निर्माण होणारी कंपने संवेदनशील मोजमापात मिसळतात.

मानवविरहित पर्याय म्हणजे इस्रोचा पोएम मंच, अर्थात उपग्रह सोडून झाल्यावर कक्षेतच उपयोगात आणलेला पीएसएलव्ही प्रक्षेपकाचा चौथा टप्पा. ३० डिसेंबर २०२४ रोजी गेलेल्या पोएम-४ वर क्रॉप्स नावाच्या बंद पेटीत चवळीच्या ८ बिया होत्या. त्या चार दिवसांत अंकुरल्या आणि पुढे त्यांना पानेही फुटली. ते दृश्य आणि पेटीतील मोजमापे पृथ्वीवर पोहोचली, रोपे मात्र परत येणार नव्हती. म्हणून उसाच्या ऊतींवर सूक्ष्मगुरुत्वाचा जनुकीय परिणाम शोधायचा असेल, तर माझ्या मते मानवी मोहिमेची दीर्घ प्रतीक्षा पत्करावी.

शिरोलीच्या फाउंड्री व्यवसायाला जवळचा असलेला धातू गोठण्याचा प्रश्न वेगळा आहे. जमिनीवर तप्त द्रवातील अभिसरण आणि जड कणांचे तळाशी बसणे यांमुळे स्फटिकवाढीचे मूळ स्वरूप झाकले जाते. सूक्ष्मगुरुत्वात हे दोन्ही परिणाम जवळजवळ नाहीसे होतात. वितळलेल्या धातूऐवजी त्याच्यासारखे गोठणारे पारदर्शक सेंद्रिय द्रव्य वापरले, तर तापमान-नियंत्रण आणि कॅमेरा यांवर बरेच काही साधते आणि नमुना परत आणण्याची निकड उरत नाही. अशा प्रयोगासाठी मी निःसंकोच पोएम सुचवेन.

उड्डाणाआधी काही चाचण्या जमिनीवरही घेता येतात. जर्मनीतील ब्रेमेनच्या १४६ मीटर उंच मनोऱ्यात प्रयोगाची कुपी वरून सोडल्यास ४.७४ सेकंदांचे मुक्तपतन मिळते. ज्वलनाच्या किंवा द्रवाच्या काही प्रयोगांना ते पुरते, अंकुरणाला नाही. वनस्पतींसाठी आधी क्लिनोस्टॅटवर, म्हणजे गुरुत्वाचा ओढा एकाच दिशेने राहू नये म्हणून रोप सतत फिरवत ठेवणाऱ्या यंत्रावर, चाचणी घ्यावी.

उड्डाण लांबणे हाही निर्णयाचा भाग आहे. अ‍ॅक्सिअम-४ चे प्रक्षेपण अनेकदा पुढे ढकलले गेले होते. कोरड्या बिया असा विलंब सोसतात. जिवंत ऊती पाठवणाऱ्यांनी मात्र ताज्या नमुन्यांचा दुसरा संच प्रक्षेपणस्थळाजवळ सिद्ध ठेवण्याची सोय प्रस्तावातच मागून घ्यावी.