रात्री पावणेदोनला लावलेला १४४१६

मिरजेत माझं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, बिजागऱ्या, नळाचं सामान, रंग. सोळा वर्षं काउंटरमागे उभा राहून एक खोड लागलीय, कुठेही गेलो की समोरचा गिऱ्हाइकाशी कसा वागतो ते आधी बघायचं. जुगाराच्या व्यसनासाठी मदत मागायला लावलेल्या फोनबद्दल आणि मग गेलेल्या दवाखान्याबद्दल त्याच नजरेने हे लिहितोय. नाव सांगत नाही, इथं सगळे सगळ्यांना ओळखतात.

सुरुवात लॉकडाऊनमध्ये रमीने झाली. पहिल्यांदा जिंकायचो. जिंकलेले काढले की तीस टक्के टॅक्स कापणार, म्हणून पैसे आतच ठेवायचे, आणि आत राहिले की रात्री खेळून संपायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आणला, मोठ्या ॲपांनी पैसे लावून खेळणं बंद केलं. मी देवापुढे साखर ठेवली. आठवडाही झाला नसेल, एका ओळखीच्याने क्रिकेटच्या सट्ट्याची 'आयडी', म्हणजे खातं दिलं. व्हॉट्सॲपवर पैसे पाठवल्याचा फोटो टाकायचा, तिकडून पॉइंट चढतात. हरलेलं 'कव्हर' करायला अजून टाकायचे. दसऱ्याच्या आधी भरलेला रंगाचा माल सगळा विकला गेला, पण डिस्ट्रिब्युटरला द्यायचे ८५ हजार त्याच आयडीत गेले. चेक बाउन्स. एकूण हिशेब सव्वासहा लाखांचा, त्यात बायकोच्या पाटल्या धरलेल्या नाहीत.

टेली-मानसचा नंबर एका मेडिकलच्या भिंतीवर बघून ठेवला होता. १४४१६. मानसिक आरोग्यासाठी फोनवरून मदत देणारी सरकारी सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली, चोवीस तास, फुकट. सुरुवातीला भाषा निवडायची, मराठी आहे. दोनदा लावून मीच कट केला. तिसऱ्यांदा एक बाई बोलल्या, तर मी नमस्कार वगैरे सोडून थेट विचारलं, "हे पोलिसांना कळतं का?" त्या म्हणाल्या, बोलणं आपल्यातच राहतं. आणि नवा कायदा खेळ चालवणाऱ्यांवर, जाहिरात करणाऱ्यांवर, पैसे फिरवून देणाऱ्यांवर आहे, खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. तीन महिने मी ज्या भीतीने गप्प होतो ती दोन वाक्यांत संपली.

मग मी कहाणी लावली. रमी, पाटल्या, चेक, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "दादा, आत्ता तुमच्या खात्यात किती आहेत?" अकरा हजार चारशे होते. "ते सकाळपर्यंत कुणाच्या ताब्यात देता येतील?" इथं मी मनातल्या मनात त्यांना मार्क दिले. गिऱ्हाईक सबंध घराची कर्मकथा सांगत असतं आणि चांगला दुकानदार विचारतो, गळतोय कुठला नळ? किती हरलात, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

जीव द्यावासा वाटतो का, हे मात्र सरळ विचारलं. मी हो म्हणालो. त्या गडबडल्या नाहीत, विषय बदलला नाही. बायकोला उठवेपर्यंत फोन चालू ठेवला.

ही रडली नाही. पाटल्या गहाण आहेत की विकल्या, एवढंच विचारलं. गहाण होत्या. मग माझ्या हातातून फोन घेऊन त्यांच्याशी स्वतः बोलली, आणि त्या रात्रीचं मला कळलेलं एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून काउंटरवरचा क्यूआर हिच्या खात्याचा. माझ्या फोनवरून यूपीआय काढलं, संध्याकाळी सातनंतर बटणांचा साधा फोन. कर्जाच्या एका ॲपवाल्याने नातेवाइकांना फोन करायची धमकी दिली होती, त्यासाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरवर तक्रार करायची हेही त्या बाईंनीच सांगितलं होतं. तलब आली की वीस-पंचवीस मिनिटं हाताला काहीतरी काम द्या, तोवर ती उतरते, असंही म्हणाल्या होत्या. मी स्क्रू मापाने लावतो. सध्या माझ्याइतके नीट लावलेले स्क्रू सांगली जिल्ह्यात कुठे मिळणार नाहीत.

फोनवरूनच त्यांनी मानसोपचाराच्या ओपीडीत जायला सांगितलं. मी गेलो ते सरकारी रुग्णालय, नाव राहू दे. केसपेपरच्या खिडकीतला माणूस रांगेला ऐकू जाईल असं ओरडला, "कशाला? मानसिक का?" माझ्या मागे माझाच एक प्लंबर गिऱ्हाईक. परत फिरणार होतो, हिने कोपर मारलं. आतल्या डॉक्टर मात्र भल्या. जुगाराचं व्यसन जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आहे, म्हणाल्या. त्याची अशी खास गोळी नसते, झोपेसाठी आणि उदासीसाठी देते, बाकी काम बोलण्याचं. त्यांनी हिलाही आत बसवलं, आणि कर्ज एकाच नातेवाइकाकडून फेडून मोकळं होऊ नका, असं बजावलं. मला ते उलटं वाटलं होतं. पण याआधी थोरल्या दादाने एकदा दीड लाख भरले होते, त्यानंतर महिन्याभरात मी नव्याने सुरू केलं होतं, हे आठवलं आणि गप्प बसलो.

डिसेंबरात एकदा भंगार विकून आलेले दोन हजार रोख त्या आयडीवाल्याला दिले. घरी सांगितलं. ओपीडीतही सांगितलं. डॉक्टरांनी फक्त विचारलं, किती वाजता, आणि दुकानात तेव्हा कोण होतं? कुणी नव्हतं. आता दुपारी दोन ते चार हीच दुकानात बसते.

तारे द्यायचे तर फोनला पाच, डॉक्टरांना पाच, खिडकीला एक. जाणाऱ्यांनी नऊच्या आत पोचा, जुना केसपेपर न्या, आणि बरोबर कोपर मारणारं माणूस न्या.