मिसफायर शोधताना: स्कॅनर की कनेक्टर काढून पाहणं?

इंजिन मिस मारतंय (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही) आणि स्कॅनर (गाडीला जोडून दोषाचे कोड वाचणारं यंत्र) घ्यावा की नाही कळत नाही? खर्चात कॉइलचे, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागाचे, कनेक्टर एकेक काढून पाहणंच सरस. इंजिन बंद करून एक कनेक्टर काढा, मग काही सेकंदच चालू करा; जास्त वेळ चालवलं तर न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं. थरथर वाढली तर तो सिलिंडर ठीक. तशीच राहिली तर दोष तिथेच.

स्कॅनर सिलिंडर थेट सांगतो: पी०३०२ हा कोड म्हणजे दुसरा. कारण मात्र सांगत नाही. कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावा. कोडही तिकडे गेला तर कॉइल खराब, नाहीतर प्लग, इंजेक्टर तपासा.

जुन्या गाडीत मिस सतत असेल तर कनेक्टर पुरेत. अधूनमधून येत असेल तर स्कॅनरच घ्या, कोड साठलेला असतो.