हँग-ऑन फिल्टर, दहा महिन्यांनंतर: लाईन आली तरी पाणी ओढत नाही

मे महिन्यात एका रात्रीत माझे सात मासे मेले. त्या रात्रीनंतर मी या फिल्टरला एक तारा द्यायचं ठरवलं होतं. आता जून आहे, फिल्टर अजून टाकीलाच लटकलेला आहे आणि माझं मत थोडं बदललं आहे. ते का बदललं हेच सांगायचं आहे, कारण गावात माशांची टाकी ठेवणाऱ्याला हे कोणी विकताना सांगत नाही.

टाकी दोन फुटी, म्हणजे ६० बाय ३० बाय ३० सेंटीमीटर, ५४ लिटरची. मुलीच्या हट्टानं मागच्या ऑगस्टमध्ये अमरावतीहून आणली, सोबत काचेला मागून अडकवायचा हा फिल्टर, १,२५० रुपयांचा. गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथं जमिनीतलं पाणीच खारं. डब्यावर जे लिहिलं असतं ते तुम्ही वाचलंच असेल, ते पुन्हा लिहीत नाही. पहिले आठ महिने तक्रार नव्हती. आवाज नाही, पाणी काचेसारखं, वीज पाच-सहा वॉट. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

त्या रात्री अकराला लाईन गेली, दीडला आली. कूलर सुरू झाला, सगळे झोपले. पहाटे पाचला मुलगी उठवायला आली. "बाबा, पाणी पडाचा आवाज येऊन नाई राह्यला." जाऊन पाहिलं तर फिल्टर घर्रघर्र करत होता, पण पाण्याचा थेंब पडत नव्हता. माय मागून म्हणाली, "मासे वरतं तोंड काहाडून राह्यले, पाय." सहापैकी पाच झेब्रा मासे आणि दोन मॉली तोवर गेल्या होत्या. गप्पी कशाबशा तग धरून होत्या. तिन्ही गोरामी मात्र शांत होत्या, कारण गोरामीला डोक्यात एक वेगळा अवयव असतो आणि ती पाण्यावर येऊन सरळ हवेतला ऑक्सिजन घेते.

टाकीतलं पाणी तेव्हा ३३ अंशांवर होतं. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २५ अंशांना लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम, ३५ ला ७ च्याही आत. आणि माझी टाकी झाडांची. दिवसा झाडं ऑक्सिजन देतात, पण अंधार पडला की तीही माशांसारखाच ऑक्सिजन घेतात. 'झाडं आहेत म्हणजे हवेचा पंप नको' असं मला दुकानात सांगितलं गेलं होतं. उजेड असेपर्यंत ते खरं आहे. पण मासे मरतात ते रात्री.

साडेतीन तास कोरडा फिरून इंपेलर, म्हणजे मोटरमधला पाणी ढकलणारा छोटा पंखा, गरम झाला आणि वाकला. दुकानात घेऊन गेलो. दुकानदार म्हणाला, "भाऊ, वॉरंटी मोटरची आहे, इंपेलरची नाही. नवीनच घेऊन टाका." मी म्हटलं, मोटर चांगली आहे, फक्त इंपेलर द्या. तो सुटा येत नाही, असं उत्तर मिळालं. जाण्यायेण्याचं भाडं, अर्धा दिवस, आणि ऊन पंचेचाळीसचं. दोनशे रुपयांच्या तुकड्यासाठी साडेबाराशेची वस्तू फेकायला सांगणारा माणूस मला आजही पटत नाही. इंपेलर शेवटी टपालानं मागवला, २२० रुपयांना, आणि तो पाच मिनिटांत बसला. म्हणजे सुटा येतो.

नवा इंपेलर घातल्यावर मी एक दिवस फक्त याच्याच मागे लागलो. आम्ही नाल्यावर इंजिन लावतो तेव्हा आधी पंपात बादलीनं पाणी ओततो. पंपात हवा असली तर इंजिन कितीही फिरवा, पाणी चढत नाही. पाइपाच्या बुडाशी पाणी मागं न सोडणारी झडप असते, तो फूट व्हॉल्व्ह. तो गळका असला की रात्रीतून पाइपातलं पाणी उतरतं आणि सकाळी पुन्हा ओतावं लागतं. या फिल्टरचं तेच आहे, फक्त याला फूट व्हॉल्व्ह नाही. मोटर मागच्या डब्याच्या बुडाशी, नळी काचेवरून टाकीत. बंद झाला की डब्यातलं पाणी त्याच नळीतून मागं टाकीत उतरतं आणि दोन्हीकडची पातळी सारखी झाली की थांबतं. टाकी भरलेली असेल तर डब्यात मोटर बुडेल इतकं पाणी उरतं. टाकी खाली गेलेली असेल तर डबा रिकामा होतो, नळी हवा धरते.

काचेवर स्केचपेननं खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेवर दहा वेळा बटण बंद करून, पाच मिनिटं थांबून, चालू केलं. काठापासून दोन सेंटीमीटर खाली पाणी असताना दहाच्या दहा वेळा फिल्टर सुरू झाला. चार सेंटीमीटरला तीनदा. पाचला एकदाही नाही.

त्या रात्री पाणी पाच सेंटीमीटर तरी खाली होतं. उन्हाळ्यात कूलरचं वारं टाकीवरून जातं, त्यानं पाणी दोन-तीन अंश थंड राहतं, पण रोज जवळजवळ एक सेंटीमीटर उडतं. या टाकीत एक सेंटीमीटर म्हणजे १.८ लिटर. तेव्हा आमच्याकडे शहानूर धरणाचं नळाचं पाणी पाच दिवस आलं नव्हतं आणि पिण्याच्या पाण्यातून टाकीत ओतायला मन होत नव्हतं. म्हणजे चूक एकट्या फिल्टरची नव्हती, म्हणून एक तारा देण्याचा विचार मी सोडला. पण कंपनीनं डब्यावर एक ठळक रेघ ओढून 'पाणी याच्या खाली जाऊ देऊ नका' एवढं छापलं असतं तर ते सात मासे वाचले असते, हे मी सोडणार नाही. ज्यांच्याकडे लाईन जातेच त्यांनी घेताना मोटर कुठं आहे ते पाहावं. मोटर नळीच्या खालच्या टोकाला, टाकीच्या पाण्यात बुडालेली असते असेही हँग-ऑन फिल्टर मिळतात. ते हवा धरत नाहीत, महाग पडले तरी तेच घ्या.

तूट भरायला हातपंपाचं पाणी घेऊ नका, निदान आमच्या पट्ट्यात तरी. उडतं ते नुसतं पाणी, क्षार सगळे टाकीतच राहतात. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या माझ्या टीडीएस मीटरवर नळाचं पाणी २८० दाखवतं आणि हातपंपाचं २,९००. एप्रिलमध्ये दोन आठवडे हातपंपाचं ओतलं आणि टाकी ९०० वर गेली. आता पत्र्यावरचं पावसाचं पाणी झाकणाच्या ड्रममध्ये साठवतो, पहिली सर सोडून. नळाच्या पाण्यात ग्रामपंचायत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लिचिंग पावडर टाकते, म्हणून ते बादलीत एक दिवस उघडं ठेवून मगच वापरायचं.

मासेही पाणी पाहून घ्या. दुकानात मला सहा निऑन टेट्रा दिल्या होत्या, महिन्याभरात एकही उरली नाही. तो ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातला मासा, इथल्या जड पाण्यात आणि उन्हाळ्यात त्याला ठेवणं म्हणजे छळ आहे. मॉली आणि गप्पीला जड पाणी मानवतं, मॉली तर थोडं खारंही सोसते. झाडांत व्हॅलिस्नेरियानं कमाल केली, दोन रोपं लावली होती, आता मागची काच दिसत नाही. जावा फर्नची पानं मे महिन्यात काळी पडली, खोड दगडाला बांधलेलं तसंच ठेवलं, त्यावर आता नवी पानं फुटली आहेत. दिवा सात तासांच्या वर नको, शेवाळ धरतं.

फिल्टरसोबत येणारी कार्बनची गादी दर महिन्याला बदला असं लिहिलेलं असतं, २५० रुपयांना एक. मी दुसऱ्या महिन्यापासून नवी गादी घेतलीच नाही. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू त्याच गादीत वाढतात, त्यांना जम बसायला चार-सहा आठवडे लागतात, आणि गादी फेकली की तेही फेकले जातात. त्याजागी साधा स्पंज कापून आणि सिरॅमिकचे तुकडे घालून चालवतो. स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळायचा, नळाखाली कधीच नाही. आणि लाईन पाच-सहा तास नसेल तर फिल्टर सुरू करण्याआधी स्पंज काढून पिळून घ्या. बंद डब्यात तो सडायला लागतो आणि लाईन आली की ती सगळी घाण टाकीत येते.

इन्व्हर्टर मला परवडत नाही. त्याऐवजी ७५० रुपयांचा बॅटरीवाला एअर पंप आणि १५० चा स्पंज फिल्टर लावला आहे. लाईन गेली की पंप आपोआप सुरू होतो. मागच्या आठवड्यात वादळात अकरा तास लाईन नव्हती, एकही मासा वर आला नाही. नऊशे रुपयांची ही जोडी मी ऑगस्टमध्येच घ्यायला हवी होती.

हँग-ऑन फिल्टरला आता तीन तारे देतो. पाणी स्वच्छ ठेवण्यात तो चांगलाच आहे, म्हणून काढला नाही. काचेवर दोन सेंटीमीटरची खूण पक्क्या रंगानं केली आहे, मुलगी शाळेत जाण्याआधी तिथवर पाणी भरते. एक इंपेलर जास्तीचा मागवून टाकीखालच्या डब्यात ठेवला आहे. आणि उरलेल्या एका झेब्राला सोबत म्हणून पाऊस लागला की पाच नवीन आणायचे आहेत, पाणी २८ च्या खाली उतरल्यावर.