चार टीबीच्या डबीत चौसष्ट जीबीचं कार्ड

सांगली-मिरजेकडे लग्नाचं शूट करणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय, कारण बनावट एसएसडी (फुटेज साठवायचा वेगवान ड्राइव्ह) विकणारा हा माणूस फक्त आमच्याच स्टुडिओत आलेला नाही. अजून फिरतोय.

हे लोक येतात ते ऐन लग्नसराईत, कॅमेऱ्याची कार्डं रिकामी करायला जागा नसते तेव्हा. आमच्याकडे आलेल्या गड्याच्या पाठीला लॅपटॉपची बॅग होती आणि तोंडात साखर. "साहेब, कस्टममधून सुटलेला लॉट आहे. चार टीबीची एसएसडी. दुकानात पंचवीस हजार, आपल्याला बावीसशे. आधी बघा, मग पैसे द्या की."

त्यानं आमच्याच कॉम्प्युटरला ड्राइव्ह जोडला. प्रॉपर्टीजमध्ये ३.६३ टीबी दिसलं, आणि खऱ्या चार टीबीच्या ड्राइव्हवर विंडोज तेवढंच दाखवतं. (कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या. एक टीबी ९३१ जीबी दिसतं ते याचमुळे, त्यात फसवणूक नाही.) मग आमच्याच फोल्डरमधली तीनेक जीबीची क्लिप त्यावर टाकून लगेच चालवून दाखवली. वर "फॉरमॅट मारून बघा हवं तर" म्हणाला. तेही झालं. ॲल्युमिनियमची काळी डबी, निळा दिवा, हाताला चांगली जड. समोर बसून एवढं दाखवल्यावर कोण शंका घेणार? पैसे यूपीआयनं गेले. समोर आलेलं नाव त्यानं सांगितलेलं नव्हतं, तर म्हणाला, "भावाचं खातं आहे."

त्यातली एकही गोष्ट ड्राइव्ह खरा असल्याचा पुरावा नव्हती. प्रॉपर्टीजमधला आकडा विंडोज मोजत नाही, ड्राइव्ह स्वतः सांगतो तोच छापतं. या डब्यांमधल्या कंट्रोलर चिपचं फर्मवेअर (चिपमधला प्रोग्रॅम) बदलून खोटा आकडा भरलेला असतो. क्विक फॉरमॅटमध्ये फक्त सुरुवातीची यादी नव्यानं लिहिली जाते, सगळी जागा तपासली जात नाही. आणि तीन जीबीची क्लिप? आत चौसष्ट जीबी खरीच आहे, मग ती चालणारच. शिवाय नुकती कॉपी केलेली फाइल बऱ्याचदा कॉम्प्युटरच्या रॅममधूनच, म्हणजे तात्पुरत्या मेमरीतूनच वाचली जाते, ड्राइव्हपर्यंत जायची वेळच येत नाही. म्हणून कोणी डेमो दाखवला तर ड्राइव्ह इजेक्ट करून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, मगच फाइल उघडा.

खरी जागा संपली की पुढे काय होतं ते ड्राइव्ह-ड्राइव्हवर आहे. काही पुढचा डेटा नुसता फेकून देतात, काही पुन्हा सुरुवातीपासून जुन्यावरच लिहितात. कॉपी मात्र शंभर टक्के पूर्ण होते, कारण विंडोज लिहिलेलं परत वाचून पडताळत नाही. हरिपूरच्या पेवात, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यात, पन्नास पोत्यांची जागा असताना हजार पोत्यांच्या पावत्या फाडाव्यात, तसलाच हा प्रकार. पावत्या सगळ्या शाबूत, हळद नाही.

आमच्या बाबतीत पावत्या म्हणजे फाइलींची नावं. तासगावकडच्या एका लग्नाचं फोर-केमधलं रॉ फुटेज त्यावर डंप केलं होतं आणि कार्डं पुढच्या मुहूर्तांना गेली होती. एडिटरचा फोन आला, "दादा, हळद उघडतीय, अक्षता उघडत नाहीत." फोल्डर उघडला तर प्रत्येक क्लिप जागेवर, नाव बरोबर, साइज बरोबर. थंबनेल मात्र कोरी आणि प्लेअर काही घेईना.

आधी केबलवर संशय घेतला. केबल बदलली, पोर्ट बदलला, दुसरा लॅपटॉप घेतला. विंडोजचं ड्राइव्ह तपासणारं चेकडिस्क चालवलं तर सगळं ठीक. साहजिक आहे, ते यादीचा मेळ बघतं, क्लिपच्या आत काय आहे ते बघत नाही. मग आठवलं की कॉपीचा वेग सेकंदाला वीस एमबीच्या वर कधी गेलाच नव्हता. खरी एसएसडी यूएसबी ३ वर चारशेच्या आसपास सहज जाते.

उलगडा केला एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या फुकटच्या जर्मन सॉफ्टवेअरनं. ते ड्राइव्हवर एकेक जीबीच्या फाइली लिहितं आणि मग त्या परत वाचून ताडून बघतं. अख्खे चार टीबी भरायची गरज पडली नाही, दोनशे जीबीलाच निकाल आला. अठ्ठावन्न जीबीच्या आसपास डेटा बरोबर, पुढचा सगळा गेलेला. घाई असेल तर व्हॅलिड्राइव्ह नावाचं सॉफ्टवेअर ड्राइव्हभर ५७६ ठिकाणी लिहून-वाचून थोडक्या वेळात सांगतं. लिनक्सवाल्यांसाठी एफ-थ्री आहे. नवा ड्राइव्ह रिकामा असतानाच हे करा, कार्डं फॉरमॅट करायच्या आधी.

मग डबी उघडली. नखानंच उघडली, स्क्रू नव्हतेच. आत बोटाच्या पेराएवढी हिरवी पट्टी, तिच्यात मोबाइलमध्ये घालतात तसलं मायक्रोएसडी कार्ड, आणि ग्लू गननं चिकटवलेला लोखंडाचा तुकडा. ते वजन त्याचं!

दुसरा चावा डेटा रिकव्हरीवाल्याचा. त्यानं ड्राइव्ह न बघता फोनवरच "नव्वद टक्के मिळेल, पाच हजार ॲडव्हान्स" असं सांगून टाकलं. जे कधी लिहिलंच गेलं नाही ते काढणार कुठून? अशा ड्राइव्हवर पैसे घालू नका. जे मिळालं ते कॅमेऱ्याच्या कार्डांवरून, फोटोरेक या फुकट सॉफ्टवेअरनं. एक कार्ड फॉरमॅट होऊन बॅगेत तसंच पडलं होतं, त्यातून सप्तपदी आणि पाठवणी निघाली. अक्षतांच्या कार्डावर पुढचं लग्न चढलं होतं. नवरीच्या वडिलांनी पैशाचा विषय काढला नाही, पण "२०१९ च्या पुरात आमच्या लग्नाचा अल्बम गेला, आता हिचं हे," एवढं बोलले. पाहुण्यांच्या मोबाइलमधल्या क्लिप गोळा करून फिल्म जोडून दिली.

तक्रारीचं सांगतो. यूपीआयनं पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. जितका उशीर, तितके पैसे त्या खात्यातून पुढे सरकलेले. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, पण समोरचा पक्ष कोण हे तर माहीत हवं! आमच्या बिलावर जीएसटी नंबर नाही, पत्ता नाही. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव आणि एमआरपी कायद्यानं छापावी लागते, तीही नाही. बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) आर-नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असेल तर तो बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो. आमच्या डबीवर तोही नव्हता.

त्या विक्रेत्याचा नंबर आता बंद आहे. कराडच्या एका मित्राकडे हीच काळी डबी "आठ टीबी" म्हणून आली होती. पैसे द्यायच्या आधी दोनशे जीबी भरून बघ, असं मी मित्राला सांगितलं. टेस्ट सुरू करतो म्हटल्यावर विक्रेता "गाडीतून चार्जर आणतो" म्हणून गेला तो आलाच नाही. ड्राइव्ह तिथेच ठेवून गेला. त्यातही चौसष्टच जीबी निघाली.